झाल्यातच जमा

आमच्या मालकांचं हिंजवडीला जाणं झालं की आमच्या ऑफिसात काहीतरी उगवतं. एकदा ग्रीन टी उगवला. एकदा बीन बॅगा उगवल्या. त्यात बसलेले अकाउंट्सचे काका दोघांनी हात दिल्याशिवाय उठू शकत नसत, म्हणून त्या आता सर्व्हरच्या खोलीत भिंतीला टेकून आहेत. गेल्या खेपेला तिथून ॲजाइल आलं.

“आपण ॲजाइल व्हायचं,” मालक सोमवारी म्हणाले. चिकलठाणा एमआयडीसीत औषधांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांमध्ये अंग चोरून बसलेलं आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. तिथं मालकांनी ‘आपण’ म्हटलं की त्यात ते स्वतः सोडून बाकीचे सगळे येतात, हे आम्हाला पाठ आहे.

ॲजाइलचा जन्म फेब्रुवारी २००१ मधला. अमेरिकेत युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. कार्यपद्धती आणि साधनं यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा एकमेकांशी संवाद मोलाचा, असं त्यात अगदी पहिल्यांदा येतं. त्या सतरा जणांत मराठवाड्याचं कुणी नव्हतं. असतं, तर माणसांना मोकळेपणी बोलू द्यायच्या आधी त्यांनी दुपारच्या जेवणाची वेळ तरी विचारात घेतली असती. ते असो. जाहीरनामा वाचून आम्ही सर्वांत आधी साधन विकत घेतलं.

साधन म्हणजे अझुर डेव्हऑप्स. त्यात कामाच्या प्रत्येक नगाला ‘वर्क आयटम’ म्हणतात, आणि तो नग कुठल्या स्थितीतून कुठल्या स्थितीत जाणार याचा रस्ता आखलेला असतो. बेसिक, ॲजाइल, स्क्रम आणि सीएमएमआय अशा चार तयार पद्धती मिळतात. या मूळ पद्धतींना हात लावता येत नाही. त्यांच्यापासून एक वारस पद्धत काढायची आणि जे काय फेरफार करायचे ते वारसात करायचे. त्यातही मुळातून आलेली स्थिती पुसता येत नाही, फार तर लपवता येते. सातबाऱ्यावर चार आत्यांची नावं असलेल्या कुठल्याही माणसाला ही व्यवस्था एका दमात समजते. आमच्या ऑफिसात सगळ्यांनाच समजली.

मूळ ॲजाइल पद्धतीत कामाचा रस्ता आखूड आहे. न्यू, ॲक्टिव्ह, रिझॉल्व्ह्ड, क्लोज्ड. नको असलेल्या कामासाठी बाजूला एक रिमूव्ह्ड. हे भिंतीवर दाखवल्यावर बैठकीत सगळे गप्प झाले. चार पावलांत काम संपतं, हे ऐकून कुणालाही आनंद झालेला दिसला नाही.

टेस्टिंगच्या मॅडम पहिल्यांदा बोलल्या. “सर, ॲक्टिव्हमधून एकदम रिझॉल्व्ह्ड कसं जाईल? माझ्याकडे ते अजून आलेलंच नाही, हे दिसायला नको का? नाहीतर उशीर माझ्या नावावर चढतो.” मुद्दा रास्त होता. ‘टेस्टिंगच्या प्रतीक्षेत’ अशी नवी स्थिती झाली. त्याबरोबर डेव्हलपर मंडळींना जाग आली. काम त्यांनी देऊन टाकलंय आणि मॅडमनी उघडून पाहिलेलं नाही, हेही दिसायला हवं होतं. ‘टेस्टिंगमध्ये पडून’ झाली. ‘पडून’ या शब्दाला मॅडमनी हरकत घेतली, ती नोंदवली गेली, शब्द राहिला.

मग सपोर्टचा गंगापूरचा पोरगा उठला. दिवसभर क्लायंटच्या शिव्या खाणारा तोच. त्याला ‘क्लायंटकडे’ अशी एक साधी स्थिती दिली, पण तेवढ्यानं त्याचं भागेना. “दादा, पाठवलं वेगळं, त्यांनी पाहिलं वेगळं, आणि फोनच उचलत नाहीत हे सगळ्यात वेगळं.” तिन्ही झाल्या. चहा आलाय का बघायला डोकावलेले अकाउंट्सचे काका दारातूनच म्हणाले, “पैसे आल्याबिगर क्लोज्ड कसं काय म्हणता?” ‘काम झालं, बिल राहिलं’. मालक शेवटी बोलले आणि मोजकंच बोलले: “माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही.” ‘सरांकडे’ ही स्थिती अशी आली, आणि पुढं महिनाभरात निम्मी कामं तिथंच वस्तीला गेली.

मी भिंतीकडे बघत बसलो होतो. कामाचं काय चाललंय, हे त्या लांबलचक ओळीत कुठंच दिसत नव्हतं. प्रत्येक पाटीचा निरोप एकच: आत्ता हे माझ्याकडे नाही.

खरी लढाई व्हायची होती ती ‘झालं’वरून. आपल्याकडे झालेल्या कामाच्या जाती आहेत. झालं. झालंय, फक्त टाकायचं राहिलंय. झालं म्हणून समजा. आणि या सगळ्यांची राणी, झाल्यातच जमा. आमच्या सर्वांत जुन्या डेव्हलपरची अर्धी हयात या शेवटच्या जातीत गेली आहे. त्याला ‘झाल्यातच जमा’ ही स्थिती तर हवी होतीच, शिवाय ती पूर्ण झालेल्या कामांच्या गटात हवी होती. इथं साधन अडलं. प्रत्येक स्थिती कुठल्या ना कुठल्या गटात बसवावी लागते: प्रपोज्ड, इन प्रोग्रेस, रिझॉल्व्ह्ड, कम्प्लीटेड, रिमूव्ह्ड. त्यातल्या कम्प्लीटेड गटात आपली नवी स्थिती घालताच येत नाही. बाकी वाटेल तेवढी नाटकं करा, पण झालं म्हणजे झालं, आणि ते एकच. एवढा करारी बाणा मी आजवर फक्त गॅस एजन्सीच्या खिडकीत पाहिला होता.

‘झाल्यातच जमा’ मग रिझॉल्व्ह्डच्या गटात गेली. भरपाई म्हणून त्यानं हिरवा रंग मागितला. हिरवा क्लोज्डला दिलेला होता. बरीच ओढाताण होऊन पोपटीवर मिटलं.

या गडबडीत शिकाऊ पोरानं एका स्थितीचं नाव ‘क्लाइंटाकडे’ असं टाइप केलं. तेव्हा कळलं की आपण केलेल्या स्थितीचा रंग बदलता येतो, गट बदलता येतो, पण नाव बदलता येत नाही. नवी करा, जुन्यातली कामं तिच्यात हलवा, मग जुनी काढून टाका. आमच्या गावाला हे ऐकून नवल वाटेल. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारनं औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर करायला संमती दिली, त्यानंतर किती तरी दिवस आम्ही क्लायंटांच्या बिलांवरचे, लेटरहेडांवरचे, पावत्यांवरचे पत्ते बदलत होतो. अख्ख्या शहराचं नाव बदलून झालं, पण ‘क्लाइंटाकडे’ हलेना. सतरा कामं तिच्यात अडकली होती आणि ती कुणाची, हे सांगायला कुणी पुढं येत नव्हतं.

काम का अडलं, हे सांगण्यासाठी एक वेगळा रकानाही केला. त्यात निवडीसाठी कारणं भरायची होती. ‘लाइट गेली’, ‘क्लायंटचा फोन’, ‘घरचं लग्न’ ही पटापट ठरली. पण सर्वमान्य कारण एकच निघालं: ‘आज पाणी आलंय’. पैठणला नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि नळाला पाणी किती दिवसांनी येईल, ते सिडकोतल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. पाण्याच्या दिवशी घरचा कर्ता माणूस मोटार, टाकी आणि पिंप या त्रिकोणाबाहेर जात नाही. सकाळी उभ्याउभ्या होणाऱ्या बैठकीला निम्मी माणसं नसली की मालकही फक्त “कुठल्या एरियाचा दिवस आहे?” एवढंच विचारतात. यावर वाद नाही, चर्चा नाही. आमच्या पद्धतीतला तेवढाच भाग पहिल्या दिवसापासून बिनबोभाट चालला.

प्राधान्याचं मात्र जमलं नाही. कामाला एक ते चार असा क्रम देता येतो आणि आपण काही दिलं नाही, तर साधन आपणहून दोन देतं. अकाउंट्सच्या काकांनी हे पाहिलं आणि ते हादरले. “आपल्या कंपनीची सगळी कामं दोन नंबरची आहेत असं पडद्यावर लिहून ठेवायचं? उद्या कुणी बघितलं तर?” त्या दुपारी सगळी कामं एक नंबरची झाली, आणि मालकांना तातडीच्या कामासाठी शून्य हवा झाला.

राहिला बॅकलॉग, म्हणजे पुढं कधीतरी करायच्या कामांची यादी. इथं मात्र आमचा हात धरणारा कुणी नाही. आपल्या भागात माणसाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. “होऊन जाईल ना”, “बघू की”, “करून टाकू, त्यात काय”, असं म्हणायचं आणि विषय चहाकडे न्यायचा. पूर्वी हे सगळे होकार हवेत विरून जात. आता त्यांना जागा मिळाली. फोनवर मालक “टाकून ठेवतो” म्हणतात, ते खरोखरच टाकून ठेवतात, आणि क्लायंटला वाटतं काम लागलं. रिपोर्ट मराठीत हवा, बिल आपोआप व्हॉट्सॲपला जावं, मालाच्या यादीत भाचीच्या लग्नाच्या अहेराचीही यादी बसावी (ही विनंती खरी आहे), सगळं तिथं ओळीनं लागलंय. जुनी कामं रिमूव्ह्ड करूया, असं मी सुचवलं तेव्हा मालक दुखावले. “राहू द्या की. खायला मागतंय का?”

मालकांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी: हा वारसा इथलाच आहे. शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याला जा. चित्रं पाहून परतायची घाई न करता चोविसाव्या लेण्यात शिरा. पुरं झालं असतं, तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं; आज खांब अर्धे सुटलेले, भिंती खडबडीत. एकोणतिसावं तर जेमतेम सुरू झालेलं. वॉल्टर स्पिंक यांचा कालक्रम मानला, तर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण गेला आणि पैशाबरोबर छिन्न्याही थांबल्या. क्लायंट गेला, काम डोंगरात राहिलं. रिमूव्ह्ड कुणी केलं नाही, आणि आता त्यालाही तिकीट आहे.

उलट बीबी का मकबरा. औरंगजेबानं सात लाख रुपये ठरवून दिले होते म्हणतात, आणि नोंदलेला खर्च आहे सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. संगमरवर घुमटाला आणि खालच्या थोड्या भागाला, बाकी ठिकाणी दगडावर गिलावा. स्कोप कमी केला, बजेट वाचवलं, काम क्लोज्ड. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय, दोघांची नावं प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. ताजमहालाशी तुलना करून लोक नाकं मुरडतात ते मुरडोत. काम कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा ‘असाइन्ड टू’चा रकाना दरवाज्यावर कोरायची छाती आमच्या ऑफिसात एकाचीही नाही, आणि त्या सात आण्यांचा हिशोब ज्यानं ठेवला, त्याच्या हाताखाली आमच्या काकांनी आनंदानं उमेदवारी केली असती.

आमच्या भिंतीवरचा फलक या सगळ्या पाट्यांनी सजलेला असताना वाळूजच्या एका सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातले स्टोअरचे काका कामासाठी ऑफिसात आले. त्यांचं मालसाठ्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडे ‘होऊन जाईल’मध्ये होतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच्या आगेमागे असे पुरवठादार उभे राहिले. त्यांच्याबरोबर मोठी झालेली ही पिढी. काका फलकासमोर उभे राहिले.

“हे काय हो?”

“कानबान बोर्ड आहे, काका.”

“कानबान?” त्यांचा चेहरा उजळला. टोयोटात ताइइची ओहनो या माणसानं युद्धानंतरच्या काळात बसवलेली ही पद्धत वाळूजच्या शॉपफ्लोअरला आमच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. काकांनी फलकाच्या खाली वाकून पाहिलं. “मग डबे कुठंयत?”

“डबे नसतात. नुसती कार्डं.”

“आमच्याकडं कार्ड आलं की डबा आलाच. डब्याबिगर कार्ड फिरवलं तर सुपरवायझर घरी पाठवतेत. तुमच्याकडं तर नुसतं कार्डच फिरायलंय.”

एका रकान्याचा आकडा लाल झालेला होता. एका वेळी किती कामं हातात घ्यायची याची मर्यादा घालून ठेवता येते, ती ओलांडली की आकडा लाल होतो, हे मी सांगितलं.

“मग लाइन थांबते?”

“नाही. आणखी कामं टाकता येतात.”

“तर मग लाल कशाला करायलेत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मालकांनी ते चहा मागवून दिलं. काका एकेक पाटी मोठ्यानं वाचत गेले. ‘फोन उचलत नाहीत’ला ते हसले. ‘सरांकडे’पाशी त्यांनी मालकांकडे पाहिलं. ‘झाल्यातच जमा’पाशी थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं आणि काही न बोलता चहा प्यायले.

आठवड्याभरानं त्यांचा मला फोन आला. आवाज दबका.

“साहेब, ते तुमचं ‘झाल्यातच जमा’ आमच्या स्टोअरच्या सॉफ्टवेअरात बसवून मिळंल का? पुढल्या हप्त्यात ऑडिटवाले यायलेत.”

“बसेल की. पण काका, डबा?”

“डबा होऊन जाईल हो. रंग तेवढा हिरवा ठेवा. पोपटी नको.”