टाकाऊतून टिकाऊ

अप्पांच्या जातीचा एक तरी माणूस प्रत्येक मराठी घरात असतो. दुधाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालणारा, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिणारा, टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरणारा. आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, या संप्रदायाचे महंत. थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे जर्मनीत, ओल्डेनबुर्गला मुक्कामाला असतात. रिकामी बाटली दुकानात परत केली की २५ सेंट मिळतात, हे कळलं त्या दिवसापासून त्यांना हा देश आपला वाटायला लागला.

पण एकदा गाडीतून जाताना वारा सोसाट्याचा आणि पवनचक्क्यांची रांग मात्र ढिम्म उभी.

"जावईबापू, बंद का हो?"

मी सांगून बसलो. उत्तरेत वीज जास्त होते, दक्षिणेकडे न्यायला तारा पुरत नाहीत, मग चक्क्या थांबवायला लावतात आणि मालकाला भरपाई देतात. पंगतीत पानात जिलबी टाकून उठणाऱ्याकडे पाहावं तसं अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "वारा वाया, आणि वर पैसेही?"

तेव्हापासून घरात एकच विषय: विजेपासून गॅस. जास्तीच्या विजेने पाणी फोडायचं, हायड्रोजन काढायचा, त्याला कार्बन डायऑक्साइडची जोड द्यायची, तीनशे-चारशे अंशांवर निकेलवरून न्यायचं, की झाला मिथेन. "साबातिए! फ्रेंच माणूस! १९१२ चं नोबेल!" हे ते शेजारच्या जर्मन आजींनाही मराठी-इंग्रजीत ऐकवतात. आजी मान डोलावतात. गॅसच्या बिलाची तक्रार असावी, असा त्यांचा समज आहे.

"आमच्या अमोनिया प्लांटात मिथेनेटर होताच की!" हे पुढचं वाक्य. "पुढचा कॅटलिस्ट बिघडू नये म्हणून आम्ही उरलासुरला कार्बन त्यात मारायचो. हे लोक त्याच युक्तीने गॅस पिकवतात."

तासाभरावर वेर्ल्टे नावाचं गाव आहे. ऑडी कंपनीने २०१३ मध्ये तिथे सहा मेगावॅटचा असा प्रकल्प उभारला; कार्बन डायऑक्साइड शेजारच्या बायोगॅस प्रकल्पातला. म्हणजे वीज नको झालेली, वायूही नको झालेला! अप्पांनी कुंपणाबाहेरून दर्शन घेतलं. चपला काढायच्या तेवढ्या राहिल्या.

माई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकत असतात. एके दिवशी त्यांनी विचारलं, "अहो, शंभर युनिटं घातली तर परत वीज किती मिळते?"

अप्पा चष्मा पुसायला लागले. "तीस-पस्तीस."

"आणि बाकीची?"

"उष्णता होते."

"मी पळीभर तेल जास्त घातलं तर आठवडाभर ऐकवता!"

दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी चहाबरोबर उत्तर आलं. बॅटरी दुपारची वीज रात्रीला देते, पण जूनची वीज डिसेंबरला कोण देणार? हिवाळ्यात इथे ऊन नावालाच, आणि कधीकधी कित्येक दिवस वाराही पडलेला. जर्मनीतल्या जमिनीखालच्या गॅससाठ्यांत सुमारे २५० टेरावॅट-तास ऊर्जा मावते; पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या इथल्या सगळ्या केंद्रांत मिळून सुमारे ४० गिगावॅट-तास. गुहा तयार, नळ तयार, नवं काही खणायला नको. आकडे अर्थात लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेले होते.

हा गॅस जमिनीतून निघणाऱ्या गॅसपेक्षा बराच महाग पडतो, म्हणून असे प्रकल्प अजून मोजकेच आहेत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना ते माझ्याआधीपासून ठाऊक असणार. माझं मत विचाराल तर बारा महिन्यांपैकी दहा महिने माई बरोबर आहेत, उरलेले दोन अप्पा.

तुमच्या गच्चीवर सौरपॅनेल असेल तर अप्पांसमोर तो विषय काढू नका. काढलात, तर आधी जेवून घ्या.