फळ्यावरून मेणवली

वाईहून मेणवली अवघी 3 किलोमीटर. इयत्ता सातवीचा धडधाकट वर्ग रांगेने निघाला, तर वाटेतल्या चिंचांवर रीतसर जकात बसवूनही तो तासाभरात कृष्णेच्या घाटावर रुजू होऊ शकतो. तथापि पालकांची संमतिपत्रे, मुख्याध्यापकांची शिफारस, वरिष्ठ कचेरीची मंजुरी आणि प्रथमोपचाराच्या पेटीची पोच असा दस्तऐवजांचा जो डोंगर त्यापूर्वी रचावा लागतो, तो पाहून, ज्यांचा वाडा पाहावयाचा त्या नाना फडणविसांनीही, सारी हयात दप्तरात काढलेली असूनसुद्धा, कपाळाला हात लावला असता. त्यामुळे शाळेत नुकताच दाखल झालेला स्मार्ट बोर्ड मला साक्षात पुष्पक विमान वाटला, आणि यंदाची सहल वर्गातूनच निघेल असे मी जाहीर करून टाकले.

विमान उडण्यास पंचवीस मिनिटे लागली. तीस वर्षे खडू धरून राठ झालेल्या माझ्या बोटाला तो फळा दाद देईना. पहिल्या बाकावरच्या मुलीने मात्र करंगळी टेकवताच पृथ्वी गर्रकन फिरली आणि आम्ही सर्व जण अटलांटिक महासागरात पडलो. तेथून पोहत वाईस परतल्यावर एकाला उपग्रहाच्या चित्रात आपल्या घराचे पत्रे आणि त्यांवरचे दगड दिसले, मात्र! मग ज्याला त्याला स्वगृहदर्शनाची अशी निकड लागली, की 1762 साली रास्त्यांनी बांधलेल्या देवळातला ढोल्या गणपती, एवढा विशाल देह असूनही, कोणाच्या नजरेस पडला नाही.

अखेरीस मेणवली आली. वाडा झाला, घाट झाला, आणि मी माझ्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे घाटावरच्या त्या पोर्तुगीज घंटेकडे वळलो. तिच्यावर 1707 हे साल आणि बालयेशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई सर केल्यावर विजयचिन्ह म्हणून ती मराठी मुलखात आली आणि शिवालयापाशी बिनतक्रार नांदू लागली, हे मी सद्गदित कंठाने सांगितले. वर्णनावर कळस चढावा म्हणून कोठूनशी मिळवलेली घंटानादाची ध्वनिफीतही वाजवली.

“सर, ती अशी नाही वाजत,” शेवटच्या बाकावरून आवाज आला.

“तुला रे काय ठाऊक?”

“मी मेणवलीचाच आहे, सर. रोज तिथूनच चालत येतो.”

“मग कशी वाजते?”

त्याने छाती भरून श्वास घेतला, तोच शिपायाने व्हरांड्यातल्या रुळाच्या तुकड्यावर टोला हाणला आणि तास संपला.

सायंकाळी मी अहवालाचा मसुदा केला: सहल निर्विघ्न पार पडली, खर्च निरंक, उपस्थिती शंभर टक्के. सहलीच्या स्थळी त्या दिवशी प्रत्यक्ष पोहोचलेला विद्यार्थी खरे तर एकच होता, तोही दप्तर पाठीवर टाकून, पायी, कोणाचीही मंजुरी न घेता. पण त्याचे नाव अहवालात घालण्याची सोय नव्हती. सकाळी प्रार्थनेला पोहोचला नाही म्हणून ते मी आधीच उशिरा येणाऱ्यांच्या यादीत दाखल केले होते.