दिवाणखान्यात विमान बसवण्याची रीत

घरच्या घरी हलणारे कॉकपिट बांधू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम विमान विसरावे. बांधायचे आहे ते कानाला फसवणारे यंत्र. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळू लागले की त्यांना कळते. एकाच वेगाने वळत राहिले तर थोड्या वेळाने त्या गप्प बसतात. शेजारच्या दुसऱ्या इंद्रियाला तर गुरुत्वाकर्षण कोणते आणि पाठीत बसलेला इंजिनाचा रेटा कोणता, हेच उमगत नाही. इतका भाबडा साक्षीदार हाती असताना खर्च वाढवण्याचे कारण नाही.

या फसवणुकीला मोठी परंपरा आहे. 1910च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या शिकाऊ उमेदवाराला एकावर एक ठेवलेल्या अर्ध्या पिंपांवर बसवत आणि माणसे ती पिंपे हाताने हलवत. इच्छुकाकडे मे महिन्यात मामाकडे राहायला आलेले दोन दणकट भाचे असतील, तर आजही याहून स्वस्त पद्धत नाही. दोष एवढाच, की भाच्यांना वादळ फार आवडते. निरभ्र आकाशातले सरळ उड्डाण त्यांच्याच्याने होत नाही.

भाचे नसलेल्यांनी एडविन लिंक यांचा आदर्श ठेवावा. न्यू यॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये त्यांच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. तिथल्या तळघरात, ऑर्गनचेच भाते आणि पंप वापरून लिंकनी 1929 मध्ये एक बुटके विमान डोलवून दाखवले. सुरुवातीची गिऱ्हाइके मिळाली ती मुख्यतः करमणुकीच्या बागांतून. पुढे 1934 मध्ये हवाई टपालाचे काम अमेरिकी लष्कराच्या गळ्यात पडले, खराब हवेत एकामागून एक वैमानिक दगावले, तेव्हा लष्कराने प्रत्येकी 3500 डॉलर मोजून सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर वैमानिक या यंत्रात शिकले. घरच्यांनी ‘खेळणे’ म्हणून हिणवल्यास एवढा इतिहास पुरे.

आता सामान. भात्यांऐवजी गाडीच्या वायपरच्या दोन मोटरी घ्याव्यात. त्या 12 व्होल्टच्या असतात आणि आत वर्म गिअर असल्याने वेग कमी, जोर बक्कळ. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे गाडीची सीटही मिळेल. सीटच्या मधोमध, खाली, जीपच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट वेल्डिंग करून घ्यावा आणि मागे दोन बाजूंना दोन मोटरी दांड्यांनी जोडाव्यात. दोन्ही एका दिशेला फिरल्या की नाक वर-खाली होते, विरुद्ध फिरल्या की पंख कलतात. सीट नेमकी कुठे आहे हे मोटरी चालवणाऱ्या आर्डुइनो या छोट्या संगणक-पाटीला कळवायला प्रत्येक मोटरीला एक पोटेन्शिओमीटर लागतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच पुर्जा. जॉइंट मात्र बसलेल्या माणसासकट जो गुरुत्वमध्य येईल त्याच्या बरोबर खाली हवा, नाहीतर मोटरींचा सगळा जन्म वैमानिकाला उचलून धरण्यात जातो. दिवाळीच्या फराळानंतर हा तोल पुन्हा तपासावा.

काहींना दोन मोटरींऐवजी सीट सहा पायांवर पेलण्याचा मोह होतो. हे सहा पायांचे यंत्र डनलॉपच्या एरिक गॉफ यांनी टायर तपासण्यासाठी बांधले होते, डी. स्टुअर्ट यांनी 1965 मध्ये अशाच सहा दिशांनी हलणाऱ्या मंचावर निबंध लिहिला, आणि आता विमान कंपन्यांचे महागडे सिम्युलेटर त्या धर्तीवर उभे असतात. फ्लॅटमध्ये हे करणाऱ्याने आधी छताचा पंखा उतरवावा.

खरे कसब पुढेच आहे. नवशिका मोटरी शेवटच्या टोकापर्यंत पळवतो आणि बोइंगऐवजी एसटीच्या मागच्या बाकाचा अनुभव पदरात पाडून घेतो. विमान डावीकडे कलले की सीटने चटकन थोडेसे कलावे, आणि लगेच सेकंदाला दोन-तीन अंशांहून कमी वेगाने, चोरपावलांनी सरळ व्हावे. तेवढी हालचाल कानाला सहसा जाणवत नाही. टेकऑफच्या वेळी सीट सावकाश मागे रेलवावी आणि चित्रातले क्षितिज जागचे हलू देऊ नये. पाठीवरचे स्वतःचेच वजन वैमानिकाला इंजिनाचा रेटा वाटते. मात्र मॉनिटर सीटच्याच सांगाड्यावर बसवावा आणि खोलीत अंधार करावा. डोळ्याच्या कोपऱ्यातून फ्रीज तिरका होताना दिसला, की सगळा बेत फसला. चित्र आणि सीट मागे-पुढे झाली तर मळमळ ठरलेली. तेव्हा बादली जवळ असावी.

मोटरींची वीज तोडणारी लाल बटणे दोन लावावीत. एक वैमानिकाच्या हाताशी, दुसरे घरातल्या जबाबदार माणसाकडे. हे दुसरे बटण धावपट्टी समोर दिसू लागताच, आमटी गार होते आहे या कारणासाठी दाबले जाईल, हे गृहीत धरूनच लँडिंगची वेळ ठरवावी.