खपली नाही म्हणून मुरली

अमेरिकेच्या केंटकी राज्यात मक्यापासून एक दारू गाळतात, तिला बर्बन म्हणतात. तिची साधी, चांगली, पाचसहा वर्षं मुरलेली बाटली तीस-चाळीस डॉलरला मिळते आणि ती पिऊन कुणाचं काही अडल्याचं ऐकिवात नाही. तरीही पॅपी व्हॅन विंकल नावाच्या, 23 वर्षं पिंपात पडून राहिलेल्या दारूच्या बाटलीसाठी तीन-तीन हजार डॉलर मोजणारे लोक आहेत. ते वेडे नाहीत. एरवी हॉटेलचं बिल दोनदा तपासणारी, हिशेबाला चोख माणसं आहेत. त्यांच्या पैशांवर माझा डोळा नाही आणि त्यांच्या यकृताची काळजी करायला त्यांचे डॉक्टर समर्थ आहेत. माझं म्हणणं एवढंच की ही मंडळी ज्याचे पैसे मोजतात ते त्या बाटलीत नसतं. जुनी बर्बन मुळात कुणी मोठ्या मायेनं जुनी केलेली नव्हती. ती खपली नाही, म्हणून जुनी झाली. आणि आज ती महाग आहे, कारण ज्यांनी ती विकत घेतली त्यांनाही ती पिववत नाही.

आधी दारूचा स्वभाव पाहू. 1964 साली अमेरिकन काँग्रेसनं ठराव करून बर्बन हे खास अमेरिकेचं उत्पादन ठरवलं, त्यामुळे सांगलीत कुणी कितीही मन लावून गाळली तरी ती बर्बन नव्हे. धान्यात निदान 51 टक्के मका हवा, पिंपात भरताना मद्यार्क 62.5 टक्क्यांच्या वर नको, रंग-साखर-सुगंध काही मिसळायचं नाही, आणि पिंप ओकचं, कोरं करकरीत, आतून जाळून कोळसा केलेलं हवं. सगळी ग्यानबाची मेख या शेवटच्या अटीत आहे. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला चालत नाही, म्हणून ती पिंपं स्कॉटलंडला जातात आणि तिथे त्यांत स्कॉच मुरते. म्हणजे बर्बन हा ताज्या पावडरीचा चहा, आणि स्कॉच त्याच पावडरीत पुन्हा पाणी घालून केलेला. दुसऱ्या खेपेचा चहा तासभर उकळला तरी त्याला फारसा राग येत नाही. पहिल्या खेपेचा पाच मिनिटांहून जास्त ठेवला की कडू होतो. त्यात केंटकीचा उन्हाळा. पत्र्याच्या भिंतींच्या सहा-सात मजली कोठारात वरच्या मजल्यावरची दारू उन्हाळ्यात फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, आणि प्रत्येक फेरीत लाकडातला व्हॅनिला, कॅरामेल आणि शेवटी शेवटी निव्वळ तुरटपणा घेऊन येते. केंटकीतले जुने कारागीर बर्बनचं उमेदीचं वय सहा ते बाराच्या दरम्यान धरतात. वय वाढलं की दर्जा वाढतो, हा नियम दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या दारूचा आहे. तो आपण इथे लावतो, कारण लेबलवरचा आकडा वाचायला जीभ लागत नाही.

याचा सज्जड पुरावा पेनसिल्व्हेनियात मिळतो. 1974 साली तिथल्या मिक्टर्सच्या भट्टीत गाळलेली बर्बन पुढे ए. एच. हर्श या नावानं बाटलीत आली आणि संग्राहकांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसली. ती सोळा वर्षांची झाल्यावर मालकांनी काय केलं? पिंपातून काढून पोलादी टाक्यांत भरली. का, तर आणखी म्हातारी होऊ नये म्हणून! ज्या गुणासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं तोच गुण थांबवायला विक्रेत्याला पोलाद वापरावं लागतं, यातच सगळं आलं.

मग इतकी जुनी बर्बन आली कुठून? 1958 पर्यंत अमेरिकेत असा कायदा होता की सरकारी देखरेखीच्या कोठारात ठेवलेल्या दारूवरचा कर आठ वर्षं झाली की भरायचाच, माल विकला गेलेला असो वा नसो. साहजिकच वीस वर्षं वाट पाहण्याची रसिकता कुणाला परवडत नव्हती. शेन्ली कंपनीच्या ल्युइस रोझेनस्टील यांनी कोरियाचं युद्ध लांबेल आणि भट्ट्या बंद पडतील या अंदाजानं भरमसाट दारू गाळून ठेवली. युद्ध आटोपलं, दारू उरली, कराची तारीख जवळ आली. तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपटी-लटपटी केल्या आणि आठाची मुदत वीस वर्षांवर गेली. दीर्घकाळ मुरवलेल्या बर्बनच्या उदात्त परंपरेचा जन्म हा असा, एका चुकलेल्या अंदाजातून आणि लांबवलेल्या करातून झाला. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकन तरुणांनी बापाची दारू टाकून व्होडका धरली. कोठारांत पिंपांवर पिंपं साचली. लुइव्हिलजवळच्या शायव्हलीत 1935 साली उघडलेली स्टिट्झेल-वेलर ही भट्टी ज्युलियन व्हॅन विंकल ऊर्फ पॅपी यांची. ते 1965 मध्ये वारले, 1972 मध्ये कुटुंबानं भट्टी विकली, 1992 मध्ये ती थांबली. त्यांच्या नातवानं काय केलं, तर कुणालाच नको असलेली जुनी पिंपं गोळा केली, बाटल्यांत भरली आणि लेबलवर आजोबांचं सिगार पेटवतानाचं चित्र लावलं. त्यांच्या जुन्या छापाचं नाव ‘ओल्ड रिप व्हॅन विंकल’, वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या गोष्टीतल्या वीस वर्षं झोपून राहिलेल्या माणसाचं. बाजारानं टाकून दिलेल्या मालाला याहून समर्पक नाव कुठल्या जाहिरात कंपनीला सुचलं नसतं. 1990 च्या दशकात वीस वर्षांच्या पॅपीला एका चाचणीत शंभरपैकी 99 गुण मिळाले, आणि कालपर्यंत जो पडून राहिलेला माल होता तो वारसा झाला.

इथे हिशेबी वाचक हात वर करील. मुरताना दारू उडून जाते, जागा अडते, पैसा अडकतो, तेव्हा जुनी महाग असणारच. मान्य. पण किती महाग, ते मांडून पाहू. एका पिंपात साधारण 200 लिटर मावतात. दरसाल चार टक्के उडतात असं धरलं तर चार वर्षांनी सुमारे 170 लिटर उरतात आणि तेवीस वर्षांनी 78. म्हणजे आटल्यामुळे किंमत दुपटीहून थोडी वाढावी. त्यावर मधल्या एकोणीस वर्षांचं सात टक्क्यांनी चक्रवाढ व्याज लावा. ते साडेतीनपटीच्या पुढे जातं. गुणाकार आठपटीच्या आत राहतो. कोठाराचं भाडं आणि पिंपांवरचा कर धरून उदारपणे दहापट म्हणू. चार वर्षांची चांगली बाटली पंचवीस-तीस डॉलरला, तर तेवीस वर्षांची अडीचशे-तीनशेला. आणि गंमत म्हणजे कंपनीनं स्वतः सुचवलेली किंमत अनेक वर्षं तीनशे डॉलरच्या आसपासच होती! कंपनी प्रामाणिक निघाली. काळ, लाकूड, उन्हाळा आणि सरकार या सगळ्यांचे पैसे त्या तीनशेत चुकते होतात. वरचे सत्तावीसशे कशाचे?

चवीचे, असं रसिक म्हणतील. पॅपीच्या पाककृतीत राय या धान्याऐवजी गहू असतो, त्यामुळे ती मऊ लागते, हे खरं. पण 2002 पासून ती केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस भट्टीत तयार होते, आणि तिथेच त्याच गव्हाच्या घराण्यातली वेलर नावाची बर्बन फार कमी किमतीला निघते. किंवा निघत असे म्हणावं, कारण ही गोष्ट फुटल्यावर वेलरच्याही मागे लोक लागले. चव हे कारण असतं तर माणसं वेलर मिळाली म्हणून आनंदानं प्यायली असती. ती पॅपीसारखी म्हणून त्यांनी तीही कपाटात ठेवली. शिवाय दारू बाटलीत मुरत नाही. बूच बसलं की तिचं वय थांबतं. 1995 ची बाटली आज उघडली तर ती तीस वर्षांनी शहाणी झालेली नसते. झालाच तर तोटा होतो. संग्राहक बाटली हातात घेऊन आधी लेबल बघत नाहीत, मान बघतात, म्हणजे दारूची पातळी मानेच्या कुठवर आहे ते. बूच सुकलं की दारू गुपचूप उडू लागते. वाइनची बाटली आडवी ठेवतात तशी ही ठेवता येत नाही, कारण इतका तेज मद्यार्क बूच खाऊन टाकतो. म्हणून ती उभी, अंधारात, बुचाभोवती मेणाची पट्टी गुंडाळून ठेवायची. जिची इतकी शुश्रूषा होते ती वस्तू प्यायची असते हे हळूहळू विसरायलाच होतं.

दारू गौण आहे याचा पुरावा हवा असेल तर ब्लँटन्सचं बूच पाहा. 1984 साली आलेल्या या बर्बनच्या बुचावर धातूचा छोटा घोडेस्वार असतो. आठ बुचांवर आठ पवित्रे, उभ्या घोड्यापासून शर्यत जिंकल्यावर हात उंचावलेल्या स्वारापर्यंत, आणि प्रत्येकावर मागच्या पायांजवळ एक बारीक अक्षर. आठही मिळाली की नाव पूर्ण होतं. त्यात ‘एन’ दोन आहेत, आणि पहिला कुठला, दुसरा कुठला यावर प्रौढ माणसं भिंग घेऊन वाद घालतात. किंवा ते वादळ घ्या. एप्रिल 2006 मध्ये बफेलो ट्रेसच्या ‘सी’ कोठाराचं छप्पर आणि विटांची एक भिंत चक्रीवादळानं नेली. पिंपं महिनोन्‌महिने ऊन-पावसात उघडी पडली. आपल्याकडे असा माल विम्याच्या दाव्यात जातो. त्यांनी तो ‘वादळातून वाचलेली’ म्हणून बाटल्यांत भरला, आणि आज त्या बाटल्या हजारोंच्या भावात फिरतात. पॅपीच्या रिकाम्या बाटल्याही विकल्या जातात. त्या शोभेसाठी घेतल्या जातात असं मानायला मी तयार आहे, पण त्या पुन्हा भरून नव्या म्हणून खपवणारे लोक सापडले आहेत. आणि विकत घेणारा ती कधीच उघडणार नसेल, तर आत काय भरलंय यानं फरक तरी काय पडतो?

टंचाई माणसाचं काय करते याची सरकारी नोंद ऑरेगॉन राज्यात आहे. तिथे दारूची विक्री सरकारी मंडळाच्या ताब्यात असते. 2023 मध्ये उघड झालं की मंडळाचेच वरिष्ठ अधिकारी दुर्मिळ बाटल्या आपल्यासाठी बाजूला काढून ठेवत होते. त्यांचा बचाव असा की आम्ही पूर्ण किंमत भरली. भरली होती, खोटं नाही. फक्त रांग तेवढी टाळली होती, आणि या धंद्यात रांग हीच तर किंमत असते! मंडळाच्या प्रमुखांना खुर्ची सोडावी लागली. त्याआधी 2013 मध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपीच्या जवळजवळ दोनशे बाटल्या नाहीशा झाल्याचं लक्षात आलं. दरोडेखोर शोधता शोधता पोलीस भट्टीतल्याच माणसापर्यंत आणि त्याच्या सॉफ्टबॉलच्या दोस्तांपर्यंत पोचले. शिक्षा पंधरा वर्षांची झाली, आणि तीस दिवसांनी सुटका. दारूला मात्र तेवीस वर्षांतला एक दिवसही माफ नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. मग बाटल्यांनीच काय पाप केलं? काहीच नाही. पण तिकीट जमवणारा ‘हे तिकीट चवीला अप्रतिम आहे’ असा दावा करत नाही. बर्बनवाले तो करतात, आणि तोही न उघडलेल्या बाटलीकडे बोट दाखवून. त्यांनी सरळ म्हणावं की आम्हाला बाटल्या आवडतात, मी निमूट बसेन. यात गुंतवणूक आहे असंही काही जण म्हणतात. परवान्याशिवाय आपापसात दारू विकणं अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत बेकायदा आहे. केंटकीनं 2017 मध्ये खास कायदा करून परवानाधारक दुकानांना लोकांकडच्या जुन्या बाटल्या घेण्याची मुभा दिली, तीही एवढ्यासाठीच. जी गुंतवणूक मोडायला आधी विधिमंडळानं बसावं लागतं, तिला आमच्याकडचे मुदत ठेववाले काका काय म्हणतील ते इथे लिहीत नाही.

भारतीय वाचकाला या वयाच्या कौतुकाचं अप्रूप वाटू नये, कारण आपल्या हवेनं हा प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते, बंगळूरला अमृत. इथली पिंपं केंटकीहूनही वेगानं आटतात. दरसाल दहा टक्के धरले तर वीस वर्षांनी 200 लिटरमधले 24-25 उरतील. अमृतनं आठ वर्षांची व्हिस्की काढली तेव्हा तिचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’ ठेवलं, म्हणजे चोरीचा आळ सरळ देवदूतांवर. आठ वर्षं हे आपल्याकडे वानप्रस्थाचं वय. तरी जगानं या व्हिस्कींना मान दिला तो चाखून, आकडा वाचून नव्हे. बाकी फेब्रुवारी 2025 मध्ये भारतानं बर्बनवरची आयात जकात 150 टक्क्यांवरून 100 वर आणली, तेव्हा साधी बर्बन आता मुंबईत थोडी आवाक्यात येईल. ती उघडून प्यावी.

संग्राहकांसाठी मात्र खरी बातमी केंटकीतच आहे. तिथल्या कोठारांत 2024 च्या सुरुवातीला 1 कोटी 40 लाखांहून जास्त पिंपं होती, आणि राज्याची लोकसंख्या 45 लाखांच्या आसपास, म्हणजे पाळण्यातल्या पोरालाही तीन पिंपं. पिंपांवरचा मालमत्ता कर 2026 पासून टप्प्याटप्प्यानं कमी होत 2043 मध्ये संपणार आहे, त्यामुळे पिंप पडून राहिलं तरी आता पूर्वीइतकं बोचणार नाही. आणि मागणी इतकी ओसरली की जिम बीमनं 2026 सालापुरती आपली क्लेरमाँटची मुख्य भट्टी थंड ठेवायचं ठरवलं. 1970 च्या दशकातला देखावा पुन्हा उभा राहतोय: माल भरपूर, गिऱ्हाईक पाठमोरं. यातली काही हजार पिंपं मागच्या कोपऱ्यात नक्की पडून राहतील, आणि 2045 च्या सुमाराला कुणाचा तरी नातू त्यांवर आजोबांचं चित्र चिकटवील. अडचण एवढीच की या खेपेला वीस वर्षांची बर्बन इतकी निघेल की ती दुर्मिळ म्हणायला तोंड धजणार नाही. ज्यांनी आत्ताच कपाटं भरून ठेवलीत त्यांनी भाव टिकवायचा तर निदान एका चक्रीवादळाची तरी प्रार्थना सुरू करावी.