उपटू, शिजवू की वाहू?

आमच्या सोसायटीत दोन बागा आहेत. एक कुंपणाच्या आत, नर्सरीतून पैसे मोजून आणलेली. ती रोज पाणी पिते, महिन्याला खत खाते आणि उन्हाळ्यात माना टाकते. दुसरी कुंपणाच्या बाहेर, मृगाच्या सरीबरोबर कोणीही न बोलावता उगवणारी. ती आजारी पडल्याचं आजवर ऐकिवात नाही. या बिनबुलाये मंडळींची नावं शोधायचा नाद मला लागला आणि झाडांआधी शेजारीच ओळखू यायला लागले.

तळमजल्यावरच्या काकू कोकणातल्या. वनस्पतींचे दोनच प्रकार त्या मानतात : भाजी होणाऱ्या आणि उगाच उगवलेल्या. टाकळा दाखवला की म्हणतात, "पानांच्या तीन जोड्या बघ, कोवळा आहे तोवर खुड, लसूण आणि फणसाच्या आठळ्या घाल." ओळख संपेपर्यंत फोडणी झालेली असते. कुर्डूला गुलाबी तुरा आला की मी मोबाइल काढतो, काकू मात्र हळहळतात, "जून झाला मेला!"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना तेच कुंपण दवाखाना वाटतं. भुईआवळी काविळीवर, पुनर्नवा सुजेवर, दगडीपाला जखमेवर. माका केसांना किती गुणकारी, हे ते डोक्यावरची टोपी काढून घाम पुसत सांगतात. मग आपणच विषय बदलायचा.

माळीमामांना हे सगळं 'गवत'. समोर येईल ते उपटायचं, पण केना त्यांना पुरून उरलाय. वर दोन निळ्या पाकळ्या मिरवणाऱ्या या केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. ती न उमलताच मातीतल्या मातीत बी धरतात. मामा वरचं उपटून पगार घेतात, केना खाली पुढच्या पावसाची तरतूद करतो. दोघांचीही नोकरी कायम.

मोबाइलमधलं अ‍ॅपही विचारून पाहिलं. एकाच पिवळ्या फुलाला त्याने सकाळी एक नाव दिलं, दुपारी दुसरं. लग्नाच्या पत्रिकेतही एवढी नावं नसतात.

खरी गंमत आघाड्याची. याची टोकदार फळं पायजम्याला चिकटली की पाऊस संपला तरी निघत नाहीत. कमिटीने श्रावणातल्या बैठकीत ठराव करून तो मुळासकट काढायला लावला. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच कमिटीचे सेक्रेटरी मंडईत एकवीस पत्रींची जुडी घेताना दिसले. जुडीत आघाडा, माका, डोरली, धोत्रा : सगळी आमच्याच कुंपणावरून हद्दपार झालेली मंडळी, आता मोल देऊन सन्मानाने परत येत होती.

सोसायटीतले हेच लोक सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं बघायला जातात. ते पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तिथल्या तेरड्याचा रंग तीन दिवसांवर थांबत नाही, वर्षभर मोबाइलमध्ये राहतो. आणि घरी आल्यावर कुंपणालगतच्या तेरड्यावर स्कूटर लावतात.

दयामाया नको, असा गडी एकच : गाजर गवत. हे अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात आणि आपल्याकडे 1955च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात दिसलं. एकदा पुण्यात आलेला माणूस परत जात नाही, तिथे गवताची काय कथा! त्याच्या चिमुकल्या पांढऱ्या फुलांवर भाळू नका. अंगाला खाज सुटते, कुणाला दमाही लागतो.

तेव्हा मंडळी, गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, आजच उपटा. अ‍ॅपच्या भरवशावर भाजी करू नका, त्यासाठी काकूंना विचारा. आणि उरलेल्या कुंपणावर माळ्याला पाठवायचंच असेल, तर गणपती गेल्यावर पाठवा.