सहा राण्या, एक शंकेखोर

(एकपात्री प्रयोग. रंगमंचावर टेबल, खुर्ची, तांब्या-भांडे. व्याख्याता बंद गळ्याच्या कोटात, हातात फाइल. तो शेवटपर्यंत पाठ्यपुस्तकाच्या सुरात बोलतो. त्याने हसायचे नाही. ते काम प्रेक्षकांचे.)

'सिक्स' हे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या सहा राण्यांवरचे पॉप संगीतनाटक आहे. लेखन आणि संगीत टोबी मार्लो व लूसी मॉस यांचे. दोघे तेव्हा केंब्रिज विद्यापीठात शिकत होते. पहिला प्रयोग २०१७ साली एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात विद्यार्थ्यांनीच केला. मार्लोला ही कल्पना कवितेच्या तासाला सुचली. कवितेच्या तासाला मुलांचे लक्ष नसते अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी या घटनेची नोंद घ्यावी.

तेथून नाटक लंडनला गेले आणि मग न्यूयॉर्कला. ब्रॉडवेवरील उद्घाटन १२ मार्च २०२० रोजी ठरले होते. नेमक्या त्याच दिवशी कोरोनामुळे तिथली सर्व नाट्यगृहे बंद झाली. उद्घाटन झाले ते ३ ऑक्टोबर २०२१ रोजी. दीड वर्ष सहाही जणी थांबल्या. आठव्या हेन्रीच्या घरात राहिलेल्या बायकांना वाट पाहण्याची सवय असते. २०२२ मध्ये संगीत आणि वेशभूषा यांसाठी टोनी पुरस्कार मिळाले.

पात्रे सहा, सगळ्या स्त्रिया. वादक चार, त्याही स्त्रिया, रंगमंचावरच. राजा येत नाही. लांबी ८० मिनिटे. मध्यंतर नाही.

(फाइलमध्ये पुन्हा पाहतो. जड आवाजात.)

मध्यंतर नाही.

येथून शंकेखोर प्रेक्षकाचा अभ्यास सुरू होतो. शंकेखोर प्रेक्षक साधारणपणे साठीच्या पुढचा, सांगली-मिरजेकडे वाढलेला, निवृत्त, आणि लेकीकडे लंडनला आलेला असतो. नाट्यसंगीताचा कान, इतिहासाचा अभिमान आणि सहा महिन्यांचा व्हिसा यांवरून तो ओळखावा. त्याच्यासोबत सहप्रेक्षिका असते. तिला शंका नसतात, गुडघे असतात. तिकिटे लेक काढते, आणि काढून झाल्यावर सांगते.

शंकांना थर असतात. वरच्या थरात तत्त्व असते: जिचे मुंडके उडवले, तिला चमचमते बूट घालून नाचवायचे याला काय अर्थ आहे? मधल्या थरात बटाटेवडा असतो. मध्यंतर नसेल तर वडा नाही, आणि वडा नसेल तर नाटकाच्या पूर्वार्धाला शिव्या नेमक्या कुठे उभे राहून घालायच्या, हा प्रश्न उरतो. अगदी तळाशी, कोणालाही न सांगितलेली शंका असते: गाण्यातले इंग्रजी कळलेच नाही तर?

तत्त्वाच्या थराला मराठी रंगभूमीचा फारसा आधार मिळत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणले, तेव्हापासून राजे, ऋषी आणि देव इकडे गातच आहेत. 'सौभद्र'मध्ये अर्जुन तर संन्यास घेऊनही गाणे सोडत नाही. द्वारकेत ऑर्गन कुठून आला, हे शंकेखोर प्रेक्षकाने आजवर विचारलेले नाही. सोळाव्या शतकात सिंथेसायझर कुठून आला, हे मात्र त्याने लेकीला विचारले. जेवताना विचारले, आणि भांडी घासतानाही विचारले.

लेक म्हणाली, "बाबा, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत."

या युक्तिवादाला मराठी तर्कशास्त्रात उत्तर नाही.

(पाणी पितो.)

नाट्यगृह म्हणजे स्ट्रँड रस्त्यावरचे व्होडव्हिल थिएटर. शंकेखोर प्रेक्षकाच्या डाव्या हाताला सहप्रेक्षिका, उजव्या हाताला साधारण बारा वर्षांची, हिरव्या चमकीत मढलेली एक मुलगी. हिला सगळी गाणी पाठ होती. शंकेखोर प्रेक्षकाला यमनच्या बंदिशी पाठ आहेत, पण त्याने कधी शेजारच्या खुर्चीवर कोपर मारत त्या म्हटलेल्या नाहीत.

पडदा उघडल्यावर प्रस्ताव मांडला जातो. इंग्लंडमधल्या शाळांत या राण्या एका यमकात पाठ होतात. त्यात कोणाचे नाव नाही, फक्त कोणाचा शेवट कसा झाला एवढे आहे. आता त्याच सहा जणी गायिकांचा जथा होऊन उभ्या आहेत आणि त्यांच्यात स्पर्धा लागली आहे. नवऱ्याच्या हातून जिने सर्वांत जास्त सोसले, ती मुख्य गायिका.

सहप्रेक्षिका कानाशी येऊन म्हणाली, "अहो, हा तर भोंडला."

(थांबतो.)

हे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. भोंडल्यातही बायकाच फेर धरतात, सासरचे गाऱ्हाणे मांडतात, आणि चाल अशी उडती असते की गाऱ्हाणे ऐकणाऱ्याला ते आपल्याविषयी आहे हे समजतसुद्धा नाही. मधोमध पाटावर हत्ती असतो, तो काही बोलत नाही. येथे हत्तीच्या जागी आठवा हेन्री. उत्तरायुष्यात दोघांच्या आकारमानातही विशेष फरक उरला नव्हता.

पहिली राणी अॅरागॉनची कॅथरीन. १५०९ साली लग्न, जवळपास २४ वर्षांचा संसार. मुलगी झाली आणि जगली, मुलगा जगला नाही. मग राजाला साक्षात्कार झाला की हे लग्न मुळात झालेच नव्हते. २४ वर्षांनंतर असा साक्षात्कार पुष्कळांना होतो, परंतु त्यासाठी देशाचे चर्च रोमपासून तोडण्याइतकी सोय सर्वांकडे नसते. १५२९ साली ब्लॅकफ्रायर्सच्या न्यायासनासमोर कॅथरीनने राजापुढे गुडघे टेकले, आपले म्हणणे मांडले, उठली आणि चालू लागली. मागून पुकारा झाला. ती वळली नाही. नाटकात या नकाराला बियॉन्से-शकिराच्या वळणाचा ठेका दिला आहे.

(बोलता बोलता व्याख्यात्याचा उजवा पाय ठेका धरतो. तो पायाकडे पाहतो. पाय थांबतो.)

दुसरी अॅन बोलीन. येथे नाटककारांचे थोडे चुकले आहे. प्रत्यक्षातली अॅन हुशार, धर्मसुधारणेच्या बाजूची, दरबारी राजकारणात मुरलेली होती. नाटकात ती थिल्लर करून टाकली आहे, आणि डोके जाण्यावरचे विनोद गरजेपेक्षा बरेच जास्त आहेत. शंकेखोर प्रेक्षकाला येथे आपल्या शंकेची पुष्टी मिळाली आणि तो समाधानाने मागे टेकला. हिरव्या चमकीतली मुलगी मात्र खुर्चीवरून अर्धी उठली होती.

१९ मे १५३६ रोजी अॅनचा शिरच्छेद झाला. ३० मे रोजी राजाने तिसरे लग्न केले.

(बोटांवर मोजतो.)

तेराव्याच्या आत.

तिसरी जेन सीमोर. हिने मुलगा दिला आणि बारा दिवसांत ती गेली. हिचे गाणे संथ आहे. सहप्रेक्षिकेने पर्समधून रुमाल काढला. शंकेखोर प्रेक्षकाने तो सर्दीसाठी मागून घेतला.

चौथीकडे जाण्यापूर्वी चित्रकार हान्स होल्बाइनची गाठ घेणे भाग आहे. राजाने परदेशी स्थळांची चित्रे काढून आणायला त्याला धाडले. १५३९ मध्ये त्याने क्लीव्हजच्या अॅनचे चित्र काढले. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चित्र पसंत पडले, मुलगी आली, राजाला प्रत्यक्षात आवडली नाही. विवाहमंडळांच्या कार्यालयांत ही तक्रार आजही नोंदवली जाते. राजा तेव्हा ४८ वर्षांचा, पायाला वाहती जखम, कंबरेचा घेर वाढता. त्याचे चित्र मुलीकडे पाठवून पसंती विचारावी, असे कोणाला सुचले नाही. नाटकात हा प्रसंग टेक्नो संगीतावर होतो. सहाही जणी काळे चष्मे आणि झगझगीत झालरीच्या कॉलरी घालून, सुंदर दिसण्यासाठी बायकांनी काय काय भोगायचे याची यादी जर्मन ढंगात वाचतात. ट्यूडर काळाविषयी एवढे खरे आणि एवढे वात्रट एका गाण्यात क्वचित सापडेल.

(पाय पुन्हा सुरू होतो. व्याख्याता टेबलाच्या मागे जाऊन उभा राहतो. आता पाय दिसत नाही, पण तांब्यावरचे भांडे वाजू लागते. तो भांडे उतरवून ठेवतो.)

लग्न ६ जानेवारी १५४०, रद्द जुलैत. म्हणजे सहा महिने. इंग्लंडचा पाहुण्यांचा व्हिसा आजही तेवढाच मिळतो.

परंतु अॅनने आकांत केला नाही, सही केली. बदल्यात तिला वार्षिक उत्पन्न मिळाले, रिचमंडचा राजवाडा मिळाला, आणि हीव्हरचा किल्लाही मिळाला. हीव्हर हे बोलीन कुटुंबाचे घर. दुसऱ्या बायकोचे माहेर चौथीला तडजोडीत देण्याचा हा प्रकार मालमत्तेच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वेगळा अभ्यासावा. नाटकात ही बाई ऐटीत रॅप करते: घर आपले, पैसा आपला, वर कोणी नाही. शंकेखोर प्रेक्षक येथे मोठ्याने हसला. शेजारच्या मुलीने वळून पाहिले. त्याने खोकल्याचे निमित्त केले.

पाचवी कॅथरीन हॉवर्ड.

(फाइल मिटून टेबलावर ठेवतो.)

हिचे गाणे सर्वांत उडते आहे. ब्रिटनी स्पिअर्सच्या जातीचे, खट्याळ, सहज तोंडात बसणारे. पहिल्या कडव्यात तिचा संगीतशिक्षक. धृपद येते, लोक हसतात. दुसऱ्या कडव्यात घरातलाच एक कारभारी. तेच धृपद, हसू थोडे कमी. तिसऱ्यात राजा. चौथ्यात एक जण येतो, तो आपला मित्र आहे असे तिला वाटते. प्रत्येक वेळी बाकीच्या पाच जणींचे हात तिच्या अंगावर येतात, आणि प्रत्येक वेळी जास्त येतात. चाल तीच. शब्दही जवळजवळ तेच. चौथ्या वेळी धृपद म्हणताना तिचा आवाज फाटतो, आणि ज्या गाण्यावर आतापर्यंत टाळ्या दिल्या ते गाणे कशाबद्दल होते, हे सगळ्या प्रेक्षागृहाला एकदम उमगते. जन्मसाल नक्की नाही, पण राणी झाली तेव्हा ती विशीच्या आतबाहेरची होती. १३ फेब्रुवारी १५४२ रोजी तिचा शिरच्छेद झाला.

शंकेखोर प्रेक्षकाच्या सर्व शंकांना उत्तर मिळाले ते येथे. हे गद्यात सांगता आले असते, पुस्तकांत सांगितलेही आहे. परंतु ऐकणाऱ्याला आधी ताल धरायला लावायचा आणि मग त्यालाच त्याची लाज वाटायला लावायची, हे काम पॉपच्या धृपदालाच जमते. ते पुन्हा पुन्हा येते म्हणूनच जमते. ऑर्गनवर हे झाले नसते, असे त्याने नंतर कबूल केले. दोन शब्दांत केले, पण केले.

(फाइल उघडतो. सूर पूर्ववत.)

सहावी कॅथरीन पार. १५४५ मध्ये हिने प्रार्थनांचे पुस्तक स्वतःच्या नावाने छापले. इंग्रजीत स्वतःच्या नावावर पुस्तक छापणाऱ्या पहिल्या स्त्रियांत ती मोडते. नाटकात हीच स्पर्धा मोडून काढते. ती म्हणते, आपली ओळख एका माणसाची बायको म्हणून का? आणि मग लक्षात येते की हिशेब उलटाही मांडता येतो. सातव्या हेन्रीची एकच बायको होती, तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आठवा हेन्री लोकांच्या लक्षात राहिला तो या सहा जणींमुळे.

युक्तिवाद चांगला आहे. त्यानंतर सहाही जणी स्वतःला गोड गोड शेवट बहाल करतात, ते मात्र फार सोपे झाले. ज्यांना खरा शेवट आत्ताच ऐकवला, त्यांना लगेच पेढा देऊ नये.

शेवटी सगळ्या गाण्यांची एक धावती उजळणी होते आणि तिचे चित्रण करायला परवानगी असते. मोबाइल बाहेर काढा असे नाट्यगृहानेच सांगणे हा मराठी प्रेक्षकासाठी सांस्कृतिक धक्का होय. शंकेखोर प्रेक्षकाने उभे राहून चित्रण केले. त्यात प्रामुख्याने त्याचा अंगठा दिसतो, आणि "वन्स मोअर" असा एक सांगलीकडचा आवाज ऐकू येतो.

उत्तर-लक्षणे पुढील शनिवारी दिसली. लेकीने कार्यक्रम खरेदीचा ठरवला होता. शंकेखोर प्रेक्षकाने सर्वांना रिचमंडला नेले. राजवाड्यातले आता फार उरलेले नाही. वेशीची कमान आहे, आत लोकांची घरे आहेत. कमानीखाली उभे राहून त्याने वीस मिनिटे माहिती सांगितली: चौथी राणी १५५७ पर्यंत जगली, राजा आणि बाकीच्या पाचही जणी तिच्या आधी गेल्या, सहावी वाचली असे म्हणतात तीदेखील १५४८ मध्येच बाळंतपणात गेली, चौथीला मात्र वेस्टमिन्स्टर अॅबेत पुरले. सहप्रेक्षिका गुडघे धरून कठड्यावर बसली होती.

"हा वाडा तिला कायमचा दिला होता?"

"हयातीपर्यंत."

"आणि वरखर्च वेगळा?"

"वेगळा."

"नवरा येऊन-जाऊन?"

"नाही. तो तिला बहीण म्हणायला लागला."

"मग पहिला नंबर हिचाच," सहप्रेक्षिका म्हणाली, आणि लेकीला विचारले की इथून बस कुठली.

(व्याख्याता फाइल बगलेत घेतो, भांडे तांब्यावर ठेवतो आणि निघतो. पाय तालात पडतात. अंधार.)