चेन एकच, चकत्या दोन

भाच्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी नांदूरघाटात हॉटेलच्या बाकड्यावर बसलो होतो.

"मामा, वन बाय घेऊ का टू बाय?"

"वन बाय टू सांग की. अर्धा अर्धा कप पुरतो."

"चहाचं नाही हो मामा. सायकलचं."

सायकलचं म्हणजे रोड बाइकचं. टायर बोटाएवढे बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं. घोडा नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, आणि एवढं सगळं नसण्याचे पैसे इतके, की तेवढ्यात आमच्याकडं दुभती म्हैस दावणीला येते. तर या सायकलच्या पायडलपाशी दातेरी चकती एक असावी का दोन, या विवंचनेत पोरगं तीन आठवडे झोपलेलं नाही. वन बाय म्हणजे पुढं एक चकती. टू बाय म्हणजे पुढं दोन. मागं दोन्हीकडं अकरा नाहीतर बारा चकत्यांची उतरंड. एवढा घोळ त्यानं फ्लॅट बुक करताना घातला नव्हता.

सिंगल का डबल, हा प्रश्न बीड जिल्ह्यात विचारणंच मुळात धाडसाचं. त्याचा निकाल मुकादमानं कधीच लावून ठेवलाय. ऊसतोडीला निघालेले नवरा-बायको मिळून होतो एक कोयता, आणि उचल मिळते त्या एका कोयत्यावर. एकटा गडी निघाला तर तो अर्धा कोयता. दोन माणसं म्हणजे एक, एक माणूस म्हणजे अर्धा. हे गणित अजून कुठल्या सायकल कंपनीला सुचलेलं नाही. सुचलं असतं तर दोन चकत्या एकीच्या भावात मिळाल्या असत्या आणि भाच्याला झोप लागली असती.

फोन कानाला तसाच धरून मी सायकल मिस्त्रीकडं गेलो. तो एका चाकाचा आउट काढत होता. मान वर न करता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"चेन किती?"

"एकच."

"मग चकत्या दोन कामून?"

इतका सरळ प्रश्न पुण्यातल्या एकाही दुकानात भाच्याला कुणी विचारला नव्हता. भाचा फोनवर गप्प. उत्तर दिलं ते हवा भरायला थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं. म्हणाला, "हाय-लो असंल."

बरोबर. ट्रॅक्टरला गिअरचा एक दांडा असतो आणि हाय-लोचा दुसरा. चार गिअर लोमधले, तेच चार हायमधले, झाले आठ. नांगरटीला लो, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत सडकेनं निघायचं तर हाय. दोन चकत्यांचंही तसंच. थोरली बहुधा ५० दात्यांची, धाकटी ३४ ची. सपाटीला थोरली, घाट लागला की खटका दाबून चेन धाकटीवर. ज्या ज्ञानासाठी भाच्यानं तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, ते ट्रॅक्टरच्या सीटवर दोन शब्दांत मावलं.

मात्र ट्रॅक्टरच्या आठात जेवढी नक्कल नसते तेवढी सायकलच्या बावीसात असते. कागद घ्या. पुढं ५०, मागं २५, भागाकार आला दोन. पुढं ३४, मागं १७, तरी दोनच. म्हणजे चकती बदलली, खटका दाबला, चेन खडखडली, आणि पायाला कळलं की आपण होतो तिथंच आहोत. अकरा दुणे बावीस गिअर खोक्यावर छापलेले, त्यातले खरोखर वेगळे चौदा-पंधरा. बाकीचे नुसते नावाला. मंत्रिमंडळाचं खातेवाटप पाहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. त्यातून पुढची थोरली आणि मागचीही सगळ्यात थोरली धरली तर चेन तिरकी पडते आणि कुरकुरायला लागते. (तिरकं चालणाऱ्याची कुरकुर या सदराच्या वाचकांना नवी नाही.)

हे सगळं नको म्हणून सिंगलवाले आले. पुढची एक चकती काढली, तिला हलवणारा सांगाडा काढला, वजन पाव किलोच्या आसपास कमी झालं. पाव किलो म्हणजे बालाघाटातलं एक बरं सीताफळ. ते पोटातून कमी केलं असतं तरी चाललं असतं, पण पोटाला कंपनी हमी देत नाही. मग एकच चेन एकाच चकतीवर टिकायची कशी? तर दाते एक जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक असे कापले. चेनची कडीही एक रुंद, एक अरुंद अशीच असते, त्यामुळं जाड दाता रुंद कडीत घट्ट बसतो. २०१२ पासून डोंगरातल्या सायकलींवर ही युक्ती रुळली आणि तिथून रोड बाइकवर आली. मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "हे भारी हाय," म्हणाला. त्याच्या तोंडून नव्या वस्तूला एवढं मी प्रथमच ऐकलं.

आता खरा हिशेब. पुढं ५०, मागं ११ असलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर जाते. मिनिटाला नव्वद फेरे मारले तर ताशी एक्कावन्न किलोमीटर. सिंगलवाल्याचं पुढं ४० आणि मागं १० असलं तर तेवढ्याच फेऱ्यांत पंचेचाळीस. म्हणजे एवढं रणकंदन ताशी सहा किलोमीटरसाठी, तेही वरच्या टोकाचे. भाचा रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, तिथं कांदाभजी खातो आणि परत येतो. ताशी एक्कावन्न त्याला आमच्या वाडीवरची कुत्री मागं लागली तरच शक्य आहे.

गंमत खालच्या टोकाला आहे, आणि तिकडं कुणी बघतच नाही. डबलचा सगळ्यात हलका गिअर पुढं ३४, मागं ३४. पाय एकदा फिरला की चाक एकदा. सिंगलचा पुढं ४०, मागं ४४, म्हणजे पाय एकदा फिरला तरी चाक पुरतं एकदाही फिरत नाही. एकटी असून घाटात हीच हलकी. दुकानदार वरच्या टोकाचा वेग सांगतो, गिऱ्हाईक तोच विचारतं. मांजरसुंब्याचा घाट चढताना दम लागल्यावर खाली काय शिल्लक असेल, हे कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी मात्र आधी नांगर किती ओढेल ते विचारतो, सडकेला किती पळेल ते नंतर.

सिंगलचं दुखणंही आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाड्याचे जुने जिने आठवा. माडी तेवढ्याच उंचीवर, पण पायऱ्या मोजक्या आणि गुडघ्याएवढ्या. सिंगलची मागची उतरंड चढताना २८, मग ३२, मग एकदम ३८, मग ४४. प्रत्येक खटक्याला पायाचा ताल चुकतो. डबलवाला त्याच चढाला २५, २७, ३० अशा बुटक्या पायऱ्यांनी जातो. पंधरा-वीस जणांच्या घोळक्यात एकाच वेगानं तासन् तास जाणाऱ्याला हा फरक मांडीत जाणवतो. शिवाय एवढी मोठी मागची उतरंड झिजली की नव्या उतरंडीच्या पैशात आमच्याकडं अख्खी साधी सायकल येते, घंटीसकट.

गिअरवरून भांडणं नवी नाहीत. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं १९०२ सालीच मत होतं की गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहे, खऱ्या गड्यानं एकाच गिअरवर डोंगर चढावा. त्यांची शर्यत १९०३ ला सुरू झाली आणि चालत्या सायकलवर चेन बदलणाऱ्या यंत्राला तिथं परवानगी मिळाली १९३७ साली. तोवर शर्यतीतले गडी घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूची चकती कामाला यायची. चौतीस वर्षं गेली यात. आम्हा बीडकरांना त्याचं नवल नाही. आमची रेल्वे मंजूर झाली १९९५ च्या सुमारास आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला.

सिंगलचं नाव शर्यतीत खराब झालं ते २०१८ मध्ये. आयर्लंडचा अ‍ॅक्वा ब्लू स्पोर्ट हा संघ त्या मोसमात एकाच चकतीच्या सायकलवर उतरला. खेळाडू वैतागले, जाहीर बोलले, आणि ऑगस्टमध्ये संघच बंद पडला. बंद पडण्याचं कारण पैशाचं होतं, पण बोल लागला चकतीला. घरात काही बिघडलं की नव्या सुनेच्या पायगुणावर ढकलतात, तसं.

त्या सुनेनं पाच वर्षांनी उट्टं काढलं. २७ मे २०२३, इटलीच्या जिरो शर्यतीचा शेवटून दुसरा दिवस, मॉन्ते लुसारीचा भिंतीसारखा चढ. स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचनं मुद्दाम सिंगल लावली होती, मागं ४४ ची. ऐन चढात खड्ड्यावर सायकल आदळली आणि चेन पडली! आपल्या शाळेच्या रस्त्यावर पडायची तशीच. गडी उतरला, चेन बसवली, पण अशा चढावर पुन्हा सुरुवात होईना. तेव्हा बघ्यांतून एक जण धावला आणि त्यानं मागून रेटलं. रोग्लिच सायकलवर येण्याआधी बर्फावरच्या उड्या मारायचा, हा त्या काळातला त्याचा सोबती निघाला. धक्का स्टार्ट! एवढं होऊन रोग्लिचनं तो टप्पा ४० सेकंदांनी जिंकला आणि अख्खी जिरो १४ सेकंदांनी. म्हणजे लाखांच्या सायकलला शेवटी कामाला आला गाववाला.

आमच्या भागात गिअर हा शब्दच परका. दांडीच्या सायकलला पुढं साधारण ४४ दाते, मागं १८, बाप वापरायचा तेच, पोरगाही वापरतो तेच. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, २०२२ पासून पाच हजार. अट अशी की घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत हवं. त्या पैशात येते ती सायकल पुढं एक, मागं एक. वन बाय वन. पाच किलोमीटर कागदावर मोजतात, चढ कुणी मोजत नाही. बालाघाटाच्या चढाला लागलं की पोरी खाली उतरतात, दप्तर कॅरिअरवर, एक हात हँडलला, एक सीटला. वर पोचल्या की पुन्हा टांग मारतात. बीड जिल्ह्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा गिअर हाच. मागं एक चकती जास्त दिली असती तर चढाला पोरी उतरल्या नसत्या. पण योजना आखणाऱ्यांनी सायकल मोजली, घाट नाही, आणि आमच्याकडं तर नांदूरघाट, येळंबघाट अशा गावांच्या नावातच घाट आहे.

आणि काळ्या मातीचं काय? जुलैत आमच्या पाणंद रस्त्यावर सायकल घाला. पन्नास पावलांत चिखल चाकाला, चेनला, चकत्यांच्या फटीत असा बसतो की पुढची चेन हलवणारा सांगाडा जागच्या जागी लिंपून निघतो. मग डबल असली काय आणि चौबल असली काय, जिथं अडकली तिथं अडकली. त्या दिवशी सिंगलवाला निदान मागं तरी बदलतो. मिस्त्रीनं हे न विचारता सांगितलं. इलेक्ट्रिक खटक्याच्या गिअरची बॅटरी उतरली तर काय, असं मी विचारल्यावर मात्र तो हसला आणि पुन्हा आउट काढायला लागला.

भाच्यानं शेवटचं अस्त्र काढलं. "मामा, पण मोठे रायडर?" मोठ्यांचंच ऐक मग. अमेरिका आडवी ओलांडायची रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ ला दोघांत मिळून पुरी केली. नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थांनी २०१७ ला तीच एकट्यानं केली. दोघांत होते, एकट्यानंही होते. तू अजून सिंहगडाच्या पायथ्याच्या वर गेलेला नाहीस.

तरी त्याला निकाल हवाच होता, म्हणून दिला. घोळक्यात पळणार असशील, शर्यती खेळणार असशील, तर डबल घे, ५० आणि ३४. तू एकटा जातोस, घाटात उतरतोस आणि चेन साफ करायचा आळस करतोस. तू सिंगल घे, पुढं ४०, मागं ४४. आणि दिवाळीला येताना माझ्या सायकलला एक चेन आण, साधी, अर्धा इंच बाय एक अष्टमांश. मिस्त्रीकडच्या संपल्यात.